काकूंना कुणी विचारलं नाही

काकूंच्या चेहऱ्यात काय होतं देव जाणे, पण त्यांना पाहिलं की लोकांना त्यांच्या हातात मूल द्यावंसं वाटायचं. बोटीवर चढायच्या दिवशीही तेच झालं. बंदरावरच्या त्या भल्यामोठ्या शेडमध्ये एवढी माणसं रांगेत उभी होती. धडधाकट बाप्ये होते, मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या तरण्याताठ्या पोरी होत्या, गणवेशातले कर्मचारी होते. पण घामाघूम झालेली एक परकी बाई गर्दी कापत थेट काकूंकडेच आली, कडेवरचं रडकं पोर त्यांच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "जरा धरता का? आलेच मी." आणि गेली. नाव नाही, गाव नाही.

काकूंनी पोराला खांद्याशी घेतलं, पाठीवर दोनदा थोपटलं, पोर गप्प झालं. ते व्हायचंच. पण काकूंचं डोकं तापलं ते तापलंच. बाई पाण्याची बाटली घेऊन हसत परत आली तेव्हा काकूंनी तिला चांगलं फैलावर घेतलं.

"मूल असं देतात का? मी कोण, कुठली, काही ठाऊक आहे तुम्हाला? घेऊन पळाले असते तर?"

"अहो, पण तुम्ही तशा वाटत नाही."

"पळवणारे तसे वाटतच नसतात," काकू म्हणाल्या, आणि पोर तिच्या कडेवर नीट बसलं की नाही हे पाहूनच त्यांनी हात सोडला. बाई बिचारी आभार मानायला आली होती, बोलणी खाऊन गेली.

काकूंनी उभं आयुष्य पाळणाघर चालवलं होतं. नवरा लवकर गेला, पदरात लहान पोर. तिला दुसऱ्याच्या भरवशावर टाकून नोकरीला जायचं काकूंच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या आणि दुसऱ्यांची मुलं आपल्या भरवशावर घेतली. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांचा एक शिरस्ता होता. मूल दारात सोडून कुणी पळायचं नाही. आईनं किंवा बापानं उंबऱ्याच्या आत यायचं, मुलाचा हात आपल्या हातानं काकूंच्या हातात द्यायचा, आणि तोंडानं सांगायचं: रात्री झोप कशी झाली, खाल्लं काय, कुठे खरचटलंय का, न्यायला कोण येणार. ऑफिसला उशीर होतोय म्हणून सटकू पाहणाऱ्या भल्याभल्या साहेबांना त्यांनी अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं होतं.

पाळणाघरातली मुलं त्यांना काकू म्हणत. मुलांचे आईबाप काकू म्हणत. दूधवाला, टपालवाला, तळमजल्यावरचे कवळीवाले आजोबा, सगळे काकूच म्हणत. एवढ्या जणांत वाढलेली त्यांची स्वतःची लेकही काकूच म्हणायला शिकली आणि पुढे ते तसंच राहून गेलं. जावई मात्र तोंड भरून 'आई' म्हणायचा. काकूंना त्याचं काडीइतकं कौतुक नव्हतं. हा गोड बोलायला लागला की पाठोपाठ काहीतरी काम येतं, हे त्या ओळखून होत्या.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि पाळणाघर बंद झालं. घर असं शांत झालं की काकूंना नळाचा थेंबही ऐकू यायला लागला. लेक दुसऱ्या शहरात. तिचा फोन यायचा, पण त्यात असायचं काय? "बरी आहेस ना?" "बरी आहे. मुली?" "मजेत. ठेवते, काकू." संपलं. आणि अशातच एक दिवस लेकीचा फोन आला की सुट्टीत सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं.

"मला काय करायचंय बोटीवर जाऊन?" काकू म्हणाल्या.

"अगं, ये तर. तू नि मी एका खोलीत राहू. मुली त्यांच्या बापाजवळ झोपतील. आपण दोघी मस्त गप्पा मारत पडू."

फोन ठेवून काकू कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या. ह्या पोरीनं लग्नाआधीही कधी त्यांच्याशी गप्पा मारल्या नव्हत्या. शहाणी मुलगी, हाक मारली की यायची, सांगितलं ते करायची, आणि बाकी सगळं मनात ठेवायची. आणि आता स्वतःहून म्हणत होती की गप्पा मारत पडू. काकूंनी नवा गाऊन घेतला, कारण जुन्याला काखेत ठिगळ होतं आणि एका खोलीत राहायचं म्हणजे ते लेकीच्या नजरेला पडणार. रात्री आडवं पडल्यावर काय काय बोलायचं, हेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं. शेजारणींना सांगताना त्या बोटीबद्दल दोन वाक्यं बोलायच्या आणि खोलीबद्दल दहा. समुद्र, नाचगाणी, पाण्याच्या घसरगुंड्या, त्यांना कशाचं काही नव्हतं. त्या निघाल्या होत्या त्या खोलीसाठी.

मुलींना घेऊन फॉर्म भरायला गेलेले लेक आणि जावई परत आले आणि रांग पुढे सरकली. काउंटरवरच्या मुलानं सगळ्यांचे फोटो काढले, चेहऱ्याशी पासपोर्ट ताडून पाहिले आणि खोल्यांची कार्डं जावयाच्या हातात दिली. जावयानं ती खिशात टाकली. मग उतरता चढता पूल आणि पुलाच्या शेवटी ती बोट. बोट कसली, दुकानं, जिने, काचेच्या लिफ्ट असलेली एक आख्खी इमारतच पाण्यात उभी होती. दारातच एका छायाचित्रकारानं त्यांना अडवलं. "सगळे जवळ या, हसा." मोठी नात, धाकटी नात, लेक, जावई, काकू. काकूंनी लेकीच्या कोपराला हात लावला आणि खरोखर हसल्या. तो त्या दिवसातला त्यांचा शेवटचा हसरा चेहरा.

लिफ्टमध्ये जावयानं दोन बटणं दाबली.

"आई, तुमचा मजला आधी येईल. हे कार्ड घ्या. मुलींना जरा पुढे घेऊन जाता ना? आम्ही बॅगांचं बघतो. वर गोंधळ झालाय म्हणे."

काकूंनी लेकीकडे पाहिलं. लेक लिफ्टच्या भिंतीवर चिकटवलेलं रात्रीच्या जादूच्या प्रयोगाचं पोस्टर वाचत होती. वाचण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं, पण ती मन लावून वाचत होती. लिफ्ट थांबली, मुली काकूंचे दोन हात धरून बाहेर पडल्या, आणि दार मिटलं.

खोली लांब बोळाच्या पार टोकाला होती. काकूंनी कार्ड लावलं, दार उघडलं, आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. खाली एक पलंग. त्याच्या वर, छतातून खाली ओढलेल्या दोन बारक्या बर्थ, त्यांना लावलेली लोखंडी शिडी. दोन्ही बर्थवर टॉवेल मुडपून केलेली दोन माकडं बसवली होती आणि माकडांच्या गळ्यात मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. समोर पडदा होता. काकूंनी तो बाजूला केला. पडद्यामागे भिंत होती.

"मी सगळ्यात वर," धाकटी म्हणाली आणि शिडीवर चढलीसुद्धा.

"अगं, थांब. ही खोली आपली नाही. माझी आणि तुझ्या आईची खोली..."

"नाही आजी," मोठी म्हणाली. ती तशी समजूतदार, समजावून सांगायची तिला भारी हौस. "आईबाबांची वर आहे, गॅलरीवाली. आम्ही तुझ्याकडे. बाबा म्हणाले, आजीला त्रास द्यायचा नाही आणि रात्री उठलात तर आजीलाच उठवायचं."

"कधी म्हणाले?"

"कधीचेच. घरी असतानाच."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. शिडीवर लोंबकळणाऱ्या धाकटीला माहीत होतं, चिठ्ठ्या लिहिणाऱ्या परक्या माणसाला माहीत होतं, बहुधा त्या माकडांनाही माहीत असावं. माहीत नव्हतं ते एकट्या काकूंना. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा जावयाचाच डाव, त्यांनी मनाशी धरलं. ह्या गोडबोल्यालाच गॅलरी हवी असणार, समुद्राकडे बघत पेले रिचवायचे असणार, आणि त्यासाठी फुकटची दाई हवी असणार. लेक बिचारी गप्प बसली असेल, तशी ती लहानपणापासून गप्पच. येईल आता. बॅगांचं झालं की येईल, जीभ चावेल आणि म्हणेल, काकू, ह्यांनी घोळ घातला बघ.

लेक आली नाही. काकूंनी मुलींचे हात धुतले, तोंडं पुसली, धाकटीचा बूट उलटा होता तो सुलटा घातला. खोलीतल्या फोनवरून वरच्या खोलीत फोन लावला. वाजत राहिला. बॅगा आल्या आणि एका माणसानं दारात ठेवल्या, म्हणजे बॅगांचा काहीच गोंधळ नव्हता. मुलींच्या बॅगा त्याच ढिगात होत्या, त्यात त्यांचे रात्रीचे कपडे, खोकल्याचं औषध, धाकटीची उशी, सगळं व्यवस्थित भरलेलं. सामानाला सगळं सांगून पाठवलं होतं. माणसाला मात्र काही सांगितलं नव्हतं.

मग भोंगा वाजला आणि कवायतीची घोषणा झाली. बोट सुटण्याआधी प्रत्येकानं आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, संकट आलं तर कुठे जायचं ते समजून घ्यायचं. काकू मुलींना घेऊन एका मोठ्या दालनात गेल्या. एक कर्मचारी मुलांच्या मनगटाला जाड कागदी पट्टे बांधत फिरत होता. त्यानं मुलींचे पट्टे बांधले आणि कार्डाकडे पाहून विचारलं, "ह्या दोघी तुमच्याबरोबर?"

"ह्यांचे आईवडील आहेत बोटीवर."

"हो, पण त्यांची जागा दुसऱ्या बाजूला. खोलीप्रमाणे जागा ठरते. काही झालं तर मुलांना आम्ही ह्या पट्ट्यावरून तुमच्याकडे आणून सोडणार. तुम्ही त्यांना घेऊन त्या दारानं बाहेर पडायचं." तो चांगला नम्र होता आणि घाईतही होता.

काकू त्या दाराकडे बघत राहिल्या. म्हणजे उद्या ही बोट बुडायला लागली, तर गुडघे धरलेल्या ह्या बाईनं दोन पोरींना काखोटीला मारून नावेत घालायचं, हेसुद्धा ठरून गेलं होतं. जीव जायची वेळ आली तर कुणी कुणाला धरायचं, एवढी मोठी गोष्ट. ती ठरवली, कागदावर घातली, पोरींच्या मनगटाला बांधली. आणि काकूंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं असतं का? मुळीच नाही. कुणी विचारलं असतं तर शंभरदा हो म्हणाल्या असत्या. विचारायची पद्धत असते की नाही? परक्या बाईनं निदान "जरा धरता का" म्हटलं होतं. पोटच्या पोरीनं तेवढंही म्हटलं नव्हतं.

कवायत संपल्यावर काकू खोलीकडे गेल्या नाहीत. त्यांनी एकाला विचारलं, मुलांना सांभाळायची जागा कुठे आहे. ती होतीच. रंगीत भिंती, गाद्या, ठोकळे, आणि दाराला कमरेएवढं अर्धं फाटक. फाटकापाशी एक मध्यम वयाची बाई उभी होती. केस घट्ट बांधलेले, पायात आवाज न करणारे बूट. मुली पुढे होताच तिची नजर आधी त्यांच्या चेहऱ्यावर गेली, मग गुडघ्यांवर, मग बुटांच्या बंदांवर. काकूंना बोटीवर आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. ही धंद्यातली होती.

"मुलींना खेळायला सोडायचंय?" तिनं विचारलं. "मग आई किंवा बाबा लागतील. आजीकडून घेता येत नाही. माफ करा, नियम आहे."

दुसरं कुणी असतं तर नाक मुरडलं असतं. काकूंनी मान डोलावली. "अगदी बरोबर आहे. बोलवा त्यांना."

"तुम्हीच घेऊन या ना. आम्ही उघडे आहोत."

"मी नाही जाणार बोलवायला. मूल द्यायचं तर देणाऱ्यानं यायला हवं. तुम्ही बोलवा."

बाईनं वरच्या खोलीत फोन लावून पाहिला. उत्तर नाही. मग ती जरा चाचरली. "आता नाव पुकारावं लागेल. सगळ्या बोटीवर ऐकू जाईल."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या.

आणि ते गेलं. गच्चीवर, पोहायच्या तलावापाशी, जेवणाच्या दालनात, लिफ्टमध्ये, सगळीकडे लेकीचं आणि जावयाचं नाव घुमलं: मुलांच्या विभागात ताबडतोब या. काकू फाटकापाशी पाय रोवून उभ्या राहिल्या. गुडघे ठणकत होते, पण समोरच्या खुर्चीत बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

दोघं धावत आली. लेकीचे केस ओले, अंगावर टॉवेल. जावयाच्या हातात पेला तसाच, त्यात रंगीत नळी.

"काय झालं? कुणाला लागलं?" लेकीचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुणाला काही झालं नाही," काकू म्हणाल्या.

लेकीला श्वास घ्यायला थोडा वेळ लागला, आणि तो श्वास बाहेर आला तो संतापानंच. "मग हे काय काकू? सगळ्या बोटीसमोर नाव पुकारलं आमचं. माझा जीव गेला होता."

"आई, अहो, मुली तुमच्याकडेच तर होत्या," जावई म्हणाला.

"माझ्याकडे कुणी दिल्या? कधी दिल्या?" काकूंचा आवाज चढला. "बॅगांचं बघायला गेलात ते पाण्यातून निघालात. मुलींनी सकाळपासून काय खाल्लंय, मला कुणी सांगितलं? धाकटीच्या गुडघ्याला खरचटलंय, ते कशानं? खोकल्याचं औषध कधी द्यायचं, मी बाटलीला विचारू? बोट बुडाली तर ह्या दोघींना मी उचलायचं, ते मला एक परका माणूस सांगतो. मी तुमच्याबरोबर आलेय की तुमच्या सामानाबरोबर?"

"आई, तुम्हाला मुलांचं आवडतं म्हणून..."

"मला काय आवडतं ते मला विचारून कळतं."

मागे आणखी दोन कुटुंबं येऊन थांबली होती आणि ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकत होती. जावयानं इकडेतिकडे पाहिलं, पेला उगाच ह्या हातातून त्या हातात घेतला, आणि चारचौघांत अंगावर आलेलं झटकायच्या नादात बोलून बसला, "हे बघा, मी तर आधी तुमचं दोघींचंच बुकिंग केलं होतं. खोली हिनं बदलायला लावली."

काकूंनी लेकीकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं ती नाही म्हणेल.

"तू?"

"हो. मी बदलली."

"का?"

फाटकापाशी उभी असलेली बाई तेव्हा मधे पडली. "हे तुम्ही दुसरीकडे बोलाल का? मुलं ऐकतायत." आवाजात राग नव्हता, पण दुसरा अर्थ काढायला जागाही नव्हती. काकू तिच्या जागी असत्या तर अक्षर न अक्षर हेच बोलल्या असत्या. जावयानं मुलींना फाटकापाशी नेलं, बाईनं विचारलं त्याची उत्तरं द्यायला सुरुवात केली, आणि निम्मी उत्तरं त्याला येत नाहीत हे सगळ्या रांगेला कळलं. एरवी काकूंना त्याची मजा वाटली असती. त्या केव्हाच बोळाला लागल्या होत्या, आणि लेक ओल्या पावलांनी त्यांच्या मागे.

खोलीत शिरून काकू खुर्चीत बसल्या. लेक पलंगाच्या कडेला बसली, वरच्या बर्थला डोकं लागू नये म्हणून वाकून. माकडं तशीच होती.

"सांग," काकू म्हणाल्या. "गॅलरी हवी होती, तर तसं सांगायचं. नवऱ्याबरोबर राहायचं होतं, तर तेही सांगायचं. मी काय नाही म्हणणार होते? पण मला बोलावलंस कशाला? गप्पा मारू म्हणालीस. मी वेडी, मी..." गाऊनचं त्या बोलल्या नाहीत. ते सांगायचा त्यांना कमीपणा वाटला.

"मी म्हणाले तेव्हा खरंच मनात होतं माझ्या," लेक म्हणाली. "मग मला भीती वाटायला लागली."

"कसली? माझी?"

"रोज रात्री दिवा घालवायचा. तू तिकडे, मी इकडे. आठवडाभर. काय बोलणार होतो आपण, काकू? आपल्याला बोलता येतं का?"

"म्हणून पोरं मधे घातलीस?" काकूंचा राग आता पुरता पेटला. "तोंड उघडायला नको म्हणून आपली पोरं आणून माझ्या बिछान्यावर टांगलीस?"

"पोरं मधे घालायची सवय कुणाची आहे?"

लेकीनं हे मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पण काकूंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"काय म्हणालीस?"

"तुझा नियम होता ना. आजारी मूल पाळणाघरात आणायचं नाही."

"होता. बरोबरच होता. एकाचं दहा जणांना लागतं."

"हो, बरोबरच होता. पण माझं घर तेच होतं. मला गोवर आला तेव्हा तू मला शेजारच्या शिंप्याकडे नेऊन ठेवलंस. त्यांच्या मशीनच्या मागे, कापडाच्या गठ्ठ्यांवर. भिंतीपलीकडे तू होतीस. तुझा आवाज यायचा मला. तू सगळ्यांना गोष्ट सांगायचीस आणि सगळे हसायचे. मी भिंतीला कान लावून ऐकत पडायचे. मशीन सुरू झालं की पुढची गोष्ट बुडायची."

"मी संध्याकाळी न्यायला यायचे तुला."

"यायचीस. आणि माझ्या आधी झोपायचीस. दमलेली असायचीस."

"मग काय करायला हवं होतं मी?" काकू उठून उभ्या राहिल्या, पण त्या खोलीत उभं राहून जायला जागाच नव्हती. "पाळणाघर बंद ठेवलं असतं तर खाल्लं काय असतं आपण? तूच सांग. पोरांना गोवर लागला असता तर एक आई परत आली नसती दारात. काय चुकलं माझं?"

"काही नाही," लेक म्हणाली. आता तिचेही डोळे लाल झाले होते आणि आवाज फाटला होता. "तेच तर आहे. तुझं काही चुकलं नाही. तुझं कधी काही चुकलंच नाही, काकू. प्रत्येक वेळेला तू बरोबर असायचीस. एकदा चुकली असतीस तर मी भांडले तरी असते तुझ्याशी. मला भांडायलाही जागा ठेवली नाहीस."

छताच्या जाळीतून कप्तानाचा आवाज आला. बोट केव्हाच निघाली आहे, किनारा अजून दिसतो आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी वर यावं. बाहेरच्या बोळात पावलांची धावपळ उडाली, मुलं ओरडत पळाली. ह्या दोघींना बोट हललेलीसुद्धा कळली नव्हती. खिडकी असती तरी कळली नसती.

काकूंना वाटलं, हा शुद्ध अन्याय आहे. भांडण त्यांनी काढलं होतं. फसवणूक त्यांची झाली होती. सगळ्या बोटीवर न्याय त्यांच्या बाजूनं होता, आणि एवढ्यात ह्या पोरीनं तो असा उलटा करून त्यांच्या समोर धरला होता की त्यांना रागही नीट करता येईना. आणि राग तर होता. गुडघ्यांपासून डोक्यापर्यंत होता. त्या परत खुर्चीत बसल्या.

"अजून आहे?" त्यांनी विचारलं.

लेकीनं चमकून वर पाहिलं. ती बहुतेक उठून जायच्या बेतात होती, टॉवेल आवळून घेतला होता तिनं. "पुष्कळ आहे."

"मग बोल."

आणि लेक बोलायला लागली. आधी अडखळत, मग न थांबता. शाळेत न्यायला कोण यायचं, कुणाच्या वाढदिवसाला कुणाच्या मांडीवर कोण बसायचं, खेळणी सगळ्यांची आहेत म्हणून तिची बाहुली कशी कुणा पाहुण्या पोरीबरोबर घरी गेली. तिच्या दर वाक्याला काकूंकडे चोख उत्तर होतं. उत्तरं जिभेवर येऊन बसत होती आणि त्या ती मागे लोटत होत्या. हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं आणि ते भारी अवघड जात होतं. लेक फिरून फिरून शिंप्याच्या घरावर येत होती. दुपारी तिथे किती शांत असायचं, मशीनही बंद असायचं, आणि आपण एकट्याच कशा पडून असायचो.

दुपारी पाळणाघरातली मुलं झोपली की काकू रोज चप्पल हातात घेऊन, आवाज न करता, शिंप्याच्या घरात जायच्या. शिंप्याची बायको तेवढा वेळ इकडे मुलांपाशी बसायची. काकू त्या गठ्ठ्यांशेजारी जमिनीवर बसून पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायच्या. तापाच्या गुंगीत तिला ते कळायचं नाही. हे एकच वाक्य बोललं असतं तर लेक जागच्या जागी निरुत्तर झाली असती.

काकूंनी ते सांगितलं नाही.